लॅम्डावर एक्सेल फायली : दीड वर्ष वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

एडब्ल्यूएस लॅम्डावर (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, आपला सर्व्हर न ठेवता गरज पडेल तेव्हाच आपला कोड चालवते) एक्सेल फायली वाचायच्या आणि लिहायच्या हे काम मी गेलं दीड वर्ष करतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकूया. मी सुरू केलं तेव्हा जे काही वाचायला मिळायचं ते सगळं दहा ओळींचं असायचं, फाईल उघडली, एक सेल वाचला, झालं. खरी कामं त्याच्यानंतर चालू होतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी आमचं काम काय आहे ते सांगते, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. एक दूध संघ आहे, नाव सांगत नाही. त्यांच्याकडे गावोगावच्या दोनशेच्या आसपास दूध संस्था दूध घालतात आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. प्रत्येक संस्थेचे सचिव एक एक्सेल फाईल पाठवतात, सभासद नंबर, नाव, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), खाते नंबर. आम्ही त्याला दर लावायचा, पशुखाद्य आणि अ‍ॅडव्हान्सची कपात करायची आणि बँकेला द्यायची पेमेंट फाईल काढायची, ती पण एक्सेलच. महिन्यातून तीन वेळा एक-दोन दिवस प्रचंड गर्दी आणि बाकीचे दिवस काहीच नाही. अशा कामाला चोवीस तास सर्व्हर चालू ठेवून भाडं भरणं मला पटलं नाही, म्हणून सर्व्हरलेस. आणि हा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते.

लॅम्डा २०१४ च्या शेवटी आलं. एक फंक्शन, म्हणजे आपल्या कोडचा एक तुकडा, जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं, मेमरी १२८ एमबीपासून १०,२४० एमबीपर्यंत घेता येते, आणि सीपीयू वेगळा मागता येत नाही, मेमरी वाढवली की त्या प्रमाणात सीपीयू वाढतो. ही शेवटची गोष्ट एक्सेलवाल्यांनी आधी समजून घ्यावी. १,७६९ एमबीला एक पूर्ण सीपीयू मिळतो. आमची एक मोठी फाईल ५१२ एमबीवर १३ सेकंद घ्यायची, तीच १,७६९ वर चार सेकंदांत व्हायला लागली, आणि पैसे मेमरी गुणिले वेळ असे लागतात म्हणजे हिशोब जवळपास तेवढाच. कमी मेमरी ठेवली म्हणजे स्वस्त पडेल असं वाटतं पण तसं नाही. १,७६९ च्या वर मात्र वेगासाठी जाऊ नका, एक्सेल वाचणं हे एका वेळी एकाच सीपीयूवर चालणारं काम आहे, दुसरा सीपीयू नुसता बसून राहतो.

आता लायब्ररी, म्हणजे एक्सेल वाचायचा-लिहायचा तयार कोड. मी पायथॉनवाली आहे त्यामुळे ओपनपायएक्सएलपासून सुरुवात केली. चांगली आहे, शुद्ध पायथॉनमध्ये आहे त्यामुळे पॅकेज छोटं बनतं आणि विंडोजच्या लॅपटॉपवर झिप बनवून टाकली तरी चालते. पण नेहमीसारखी फाईल उघडली तर मेमरी भरपूर खाते, त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की फाईलच्या साधारण ५० पट, म्हणजे ५० एमबीच्या फाईलला अडीच जीबी. याचं कारण असं की एक्सएलएसएक्स (हल्लीची एक्सेल फाईल) ही मुळात एक झिप आहे, आत एक्सएमएल फायली असतात, त्या उघडल्यावर फुगतात आणि वर प्रत्येक सेलचा एक पायथॉन ऑब्जेक्ट तयार होतो. उपाय सोपा आहे, रीड ओन्ली मोड. त्यात ओळ आली, वाचली, सोडून दिली असं चालतं आणि मेमरी जवळपास सपाट राहते. फक्त दोन गोष्टी, ओळींवरून सरळ पुढे पुढे जायचं, मधेच तिसऱ्या ओळीचा पाचवा सेल द्या असं मागत बसलात तर भयंकर हळू होतं, आणि काम झालं की वर्कबुक स्वतः क्लोज करायचं.

पांडाज ही पायथॉनची डेटाची लायब्ररी पण वापरून बघितली. आकडेमोड करायची असेल तर मस्तच आहे, पण लॅम्डाच्या पायथॉनमध्ये ते आधीपासून नसतं, लेयर, म्हणजे वेगळं जोडायचं पॅकेज, लावावा लागतो, आणि सगळं मिळून उघडलेलं पॅकेज २५० एमबीच्या आत बसवायचं असतं. स्वतः पॅकेज करणार असाल तर लिनक्सची व्हील (तयार पॅकेजं) घ्यावी लागतात, विंडोजवर इन्स्टॉल केलेलं नमपाय (पांडाज ज्यावर चालतं ती लायब्ररी) तिकडे इम्पोर्टच होत नाही. फारच जड झालं तर कंटेनर इमेजचा (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) रस्ता आहे, ती १० जीबीपर्यंत चालते. पांडाज २.२ पासून, म्हणजे २०२४ च्या जानेवारीपासून, एक्सेल वाचायला कॅलामाइन इंजिन लावता येतं, ते रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे आणि खरंच पळतं. नुसता वेग हवा असेल तर मी तेच सांगेन. पण आमच्या कामात वेग हा प्रश्नच नव्हता, फायलीत काय भरून येतं हा प्रश्न होता, त्यावर खाली येतेच.

लिहिण्यासाठी मात्र माझं मत पक्कं आहे, एक्सएलएसएक्सरायटर. ती फक्त लिहिते, वाचत नाही, आणि लिहिण्याचं काम इतकं नीट करते की फॉरमॅट, कॉलमची रुंदी, प्रिंट सेटिंग सगळं पाहिजे तसं येतं. कॉन्स्टंट मेमरी मोड लावला की ओळीमागून ओळ टाकत जाते आणि मागचं विसरत जाते, लाख ओळींची फाईलसुद्धा छोट्या फंक्शनमधून निघते. तात्पुरत्या फायली ती टेम्प फोल्डरमध्ये ठेवते आणि लॅम्डात लिहायला परवानगी असलेली जागा तेवढीच असते, दुसरीकडे कुठे सेव्ह करायला गेलात तर रीड ओन्ली फाईल सिस्टीम असा एरर येतो. ही जागा मुळात ५१२ एमबी असते, वाढवून १० जीबीपर्यंत नेता येते. आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगते. फंक्शन संपलं म्हणून ती जागा पुसली जात नाही, तेच एन्व्हायर्नमेंट पुढच्या कॉलला परत वापरलं जाऊ शकतं आणि आधीची फाईल तिथेच पडलेली असते. मी सुरुवातीला सगळ्या संस्थांसाठी एकच फाईलनाव वापरत होते. टेस्टिंगमध्येच एका संस्थेच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या संस्थेच्या ओळी दिसल्या आणि पोटात गोळा आला, पैशाच्या फायली आहेत या. तेव्हापासून प्रत्येक कॉलला वेगळं नाव आणि शेवटी डिलीट, यात सूट नाही.

नोड (जावास्क्रिप्ट) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. शीटजेएस जुने-नवे ढीगभर फॉरमॅट वाचते ही तिची जमेची बाजू, पण एनपीएमवर (नोडची पॅकेजं मिळतात ती जागा) तिची ०.१८.५ हीच आवृत्ती अडकलेली आहे, नंतरच्या आवृत्त्या त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्याव्या लागतात, आणि सुरक्षेची एक त्रुटी ०.१९.३ मध्ये दुरुस्त झालीये, म्हणजे नुसतं एनपीएम इन्स्टॉल केलं तर जुनीच त्रुटीवाली येते. सेलचे रंग-बॉर्डर फुकटच्या आवृत्तीतून लिहिता येत नाहीत. एक्सेलजेएसमध्ये स्टाईलही आहे आणि स्ट्रीमिंगही. जावावाले अपाचे पीओआय वापरत असतील तर लिहिताना एसएक्सएसएसएफ घ्या, ते मेमरीत मुळात एका वेळी १०० ओळीच ठेवतं.

फाईल फंक्शनपर्यंत पोचवायची कशी, यात बरेच जण अडकतात, मीपण अडकले होते. सगळ्यांना वाटतं एपीआय गेटवेवर (बाहेरची रिक्वेस्ट लॅम्डापर्यंत नेणारी एडब्ल्यूएसची सेवा) फाईल पाठवायची आणि लगेच उत्तरात फाईल घ्यायची. पण लॅम्डाला थेट कॉल केला तर येणारा-जाणारा मजकूर ६ एमबीपर्यंतच चालतो, त्यात बायनरी फाईल बेस६४, म्हणजे मजकुराच्या रूपात, करून जाते म्हणजे एक तृतीयांशने फुगते, म्हणजे खरी फाईल साडेचार एमबीच्या आत पाहिजे. शिवाय गेटवेची नेहमीची मुदत २९ सेकंद. आणि बायनरी मीडिया टाईप सेट केला नाही तर फाईल डाऊनलोड होते पण एक्सेल म्हणतं फाईल करप्ट आहे, मग माणूस दोन दिवस लायब्ररीत चूक शोधत बसतो. हे सगळं सोडा. एस३ ची (एडब्ल्यूएसची फायली साठवायची सेवा, तिच्यातल्या कप्प्याला बकेट म्हणतात) प्रीसाइन्ड लिंक, म्हणजे ठरावीक वेळ चालणारी परवानगीची लिंक, द्या, सचिवांच्या ब्राउझरमधून फाईल सरळ बकेटमध्ये जाते, बकेट लॅम्डाला उठवते, लॅम्डा उत्तराची फाईल दुसऱ्या बकेटमध्ये ठेवते आणि डाऊनलोडची लिंक जाते. आमचं सगळं मुंबई रीजनमध्ये आहे, तो २०१६ पासून आहे.

दुसऱ्या बकेटमध्ये असं मी मुद्दाम म्हटलं. त्याच बकेटमध्ये लिहिलं तर लिहिलेली फाईल परत फंक्शनला उठवते, ते परत लिहितं, आणि हे चक्र बिल वाढवत फिरत राहू शकतं. अजून एक, एस३ कडून येणारं फाईलचं नाव एन्कोड होऊन येतं, स्पेसच्या जागी प्लस येतो आणि मराठी नाव असेल तर टक्क्यांची रांग येते. आमच्या सचिवांच्या फायलींची नावं म्हणजे 'जून पहिला दहावडा नवीन फायनल' अशी, त्यामुळे पहिल्या दिवशी निम्म्या फायली सापडतच नव्हत्या. पायथॉनमध्ये अनकोट प्लस नावाचं फंक्शन आहे, एका ओळीचं काम. फाईल बकेटमधून आली की ती आधी पूर्ण बाइट्समध्ये घ्यायची आणि मग लायब्ररीला द्यायची, झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते त्यामुळे मागे-पुढे जाता येणारी वस्तू लागते, नुसता प्रवाह चालत नाही. आणि तसंच उलट, मेमरीत फाईल लिहून झाल्यावर कर्सर परत सुरुवातीला न्यायला विसरलात तर शून्य बाइटची फाईल अपलोड होते.

आणि हे तर पेमेंट करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं, एकाच फाईलची सूचना दोनदा येऊ शकते. एस३ निदान एकदा सूचना देतं, एकदाच देईल असं नाही, आणि फंक्शन पडलं तर लॅम्डा स्वतःहून अजून दोनदा प्रयत्न करतं. आम्ही संस्था आणि बिलाचा कालावधी मिळून एक किल्ली बनवून डायनामोडीबी या डेटाबेसमध्ये आधी नोंद करतो, नोंद आधीच असेल तर पुढे जायचंच नाही. दूध एकदा घातलं, पैसे एकदाच गेले पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट, फायलीच्या आत काय असतं. दीड वर्षातला माझा निम्मा वेळ इथे गेलाय.

तारखा घ्या. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे एक आकडा असतो, त्याला तारखेचा फॉरमॅट लावलेला असतो. ज्या कॉम्प्युटरचं रीजनल सेटिंग अमेरिकन आहे तिथे सचिवांनी 05/06 टाकलं, त्यांच्या मनात ५ जून, एक्सेलने ती ६ मे करून ठेवली. पुढे 13/06 टाकलं तेव्हा तेरावा महिना नसतो म्हणून एक्सेलने ते तसंच मजकूर म्हणून सोडलं. म्हणजे एकाच कॉलममध्ये बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या महिन्यात आणि पुढच्या नोंदी मजकूर. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला वाटलं लायब्ररीत बग आहे. नाही, लायब्ररीने प्रामाणिकपणे जे होतं ते दिलं होतं. आता आम्ही बिलाचा कालावधी आपल्याकडून धरतो आणि तारीख त्या दहा दिवसांत बसत नसेल तर ओळ लाल करून परत पाठवतो, स्वतःहून उलटसुलट करत नाही.

खाते नंबर त्याहून नाजूक. एक्सेल आकड्याचे १५ अंकच सांभाळतं. सोळा अंकी खातं आकडा म्हणून टाकलं की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीचे शून्य असतील तर तेही उडतात. हे नुकसान सचिवांच्या कॉम्प्युटरवर फाईल सेव्ह होण्याआधीच झालेलं असतं, कोणतीही लायब्ररी, कितीही मेमरी, तो अंक परत आणू शकत नाही. आम्ही शेवटी फायलीतला खाते नंबर वापरणंच बंद केलं, सभासद नंबरावरून आमच्या डेटाबेसमधला घेतो आणि फायलीतला फक्त ताडून बघतो. लिहितानाही खाते नंबर स्ट्रिंग म्हणूनच लिहायचा, एक्सएलएसएक्सरायटरमध्ये त्यासाठी वेगळी मेथड आहे. आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं आणि माणसं तिथे इंग्रजी ओ टाकतात, तेवढी एक तपासणी घातली आणि बँकेकडून परत येणाऱ्या एन्ट्र्या लगेच कमी झाल्या.

फॉर्म्युल्याचं दुखणं दोन्ही बाजूंनी आहे. या लायब्ररी फॉर्म्युला सोडवत नाहीत. वाचताना डेटा ओन्ली लावलं तर एक्सेलने शेवटी सेव्ह केलेलं उत्तर मिळतं, पण ती फाईल कधी एक्सेलमधून सेव्हच झाली नसेल, एखाद्या बिलिंग सॉफ्टवेअरने थेट काढलेली असेल, तर उत्तराच्या जागी रिकामं येतं. एकूण लिटर रिकामं म्हणजे शेतकऱ्याचं बिल शून्य! त्यामुळे बेरजेचे कॉलम वाचायचेच नाहीत, रोजचे आकडे घेऊन बेरीज आपण करायची. आणि लिहिताना एकूण रकमेला फॉर्म्युला टाकला तर एक्सएलएसएक्सरायटर उत्तर म्हणून शून्य ठेवते, एक्सेल उघडल्यावर ते मोजून घेतं पण मोबाईलवरच्या काही व्ह्यूअरमध्ये शून्यच दिसतं. सचिव फाईल मोबाईलवरच उघडतात. एका काकांचा फोन आला, मॅडम, सगळ्या गावाचं बिल शून्य दाखवतंय, आता लोकांना काय सांगू. त्यांचा आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून आम्ही रक्कम मोजून आकडाच लिहितो.

मराठीबद्दल बोलायचं तर एक्सएलएसएक्समध्ये देवनागरी अगदी व्यवस्थित राहतं, आतलं एक्सएमएल युनिकोडच असतं. सीएसव्ही दिलीत तर मात्र सुरुवातीला बीओएम (फाईल युनिकोड आहे हे सांगणारी खूण) टाका, नाहीतर एक्सेलमध्ये नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. एक आनंदाची गोष्ट म्हणजे सचिवांनी ३.८ असा देवनागरीत फॅट टाइप केला तरी पायथॉन तो सरळ आकड्यात बदलतं, वेगळं काही करावं लागत नाही, जावास्क्रिप्टमध्ये हे चालत नाही. पण काही संस्था अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये नावं टाइप करतात, स्क्रीनवर छान मराठी दिसतं आणि फायलीत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, तिथे सभासद नंबरावरूनच जुळवावं लागतं.

वेळेचंही बघा. लॅम्डाचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतं. सकाळचं संकलन पहाटे पाचला चालू होतं आणि साडेपाचपर्यंत लॅम्डाच्या लेखी कालचाच दिवस असतो. टाइमझोन कोलकाता असं स्पष्ट द्या, आजची तारीख अशी मोघम घेऊ नका.

रिकाम्या ओळींचा त्रास असा की कुणीतरी बॉर्डर खाली शेवटपर्यंत ओढलेली असते आणि फंक्शन १०,४८,५७६ ओळी फिरत बसतं. सलग वीस ओळी रिकाम्या दिसल्या की आम्ही थांबतो. जुन्या एक्सएलएस फायलींना ओपनपायएक्सएल हात लावत नाही, त्यासाठी एक्सएलआरडी लागते आणि ती २०२० च्या शेवटी आलेल्या २.० पासून फक्त एक्सएलएसच वाचते. त्यात कधी कधी एक्सएलएस नाव असलेली फाईल आतून एचटीएमएलचं टेबल निघते, म्हणून एक्स्टेन्शनवर विश्वास न ठेवता पहिले दोन बाइट बघायचे, पी आणि के असेल तर ती झिप, म्हणजे खरी एक्सएलएसएक्स असायची शक्यता.

इतर क्लाउडवर मी थोडंच काम केलंय. गुगल क्लाउड फंक्शन्समध्ये (आता नाव क्लाउड रन फंक्शन्स) टेम्प फोल्डर मेमरीतच असतं, म्हणजे तिथे फाईल ठेवली की मेमरी जाते, तो हिशोब धरून चाला. अ‍ॅझ्युअर फंक्शन्सच्या कन्झम्प्शन प्लॅनमध्ये जास्तीत जास्त १० मिनिटं मिळतात. एक्सेलच्या कामाला दोन्ही पुरतात, लायब्ररी तर त्याच आहेत.

खर्च. लॅम्डाच्या फ्री टियरमध्ये महिन्याला १० लाख रिक्वेस्ट आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले वेळ) आहेत. आमच्या महिन्याच्या सहाशे फायली, प्रत्येकी सात जीबी-सेकंद धरले तरी ४,२०० होतात. म्हणजे लॅम्डाचं बिल शून्य, स्टोरेज आणि लॉगचे किरकोळ पैसे येतात. लॉगची मुदत मात्र सेट करा, नाहीतर ते कायमचे साठत राहतात.

माझ्याकडून लॅम्डाला या कामासाठी पाचपैकी साडेचार, ओपनपायएक्सएलला चार, एक्सएलएसएक्सरायटरला पूर्ण पाच. लॅम्डाचा अर्धा कापला तो थेट कॉलच्या ६ एमबी मर्यादेसाठी, छोट्या टीमला बकेट, लिंक, परमिशन हा सगळा पसारा त्यामुळे मांडावा लागतो. आधी बिल निघताना चुकीच्या फायली दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्यावर कळायच्या आणि त्या गावाचं पेमेंट मागे पडायचं. आता सचिव रात्री अकराला फाईल टाकतात, मिनिटभरात त्यांना लाल ओळींची एक्सेल परत येते, शेजारच्या कॉलममध्ये मराठीत कारण लिहिलेलं असतं, 'फॅट १२ पेक्षा जास्त आहे, तपासा', 'हा सभासद दोनदा आलाय', आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त करून परत टाकतात. मागच्या बिलाला साडेबाराच्या आत सगळ्या संस्थांच्या फायली हिरव्या झाल्या होत्या.